कोरड्या हवेचा निरोप

पानशेतच्या पाण्याकाठच्या दहा-बारा वाड्यांना आठवड्यातून दोनदा माधुरीचा आवाज ऐकायची सवय झाली होती. तीन वर्षांपूर्वी पुण्याच्या एका संस्थेनं तिच्या परड्यात पाऊस मोजायचं यंत्र बसवलं आणि रोज सकाळी साडेआठला नोंद घ्यायचं काम तिच्यावर सोपवलं. माधुरी बारावी शिकलेली. नोंद घेणं तिनं दोन दिवसांत शिकून घेतलं, पण तिचं नाव झालं ते दुसऱ्याच कामामुळं. हवामानाचं सरकारी पत्रक मंगळवारी आणि शुक्रवारी मोबाईलवर यायचं. ‘तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलक्या ते मध्यम सरी’ म्हणजे आपल्या खाचरात पाऊस पडणार की नाही, हे त्यातून कुणाला उमगत नसे. माधुरी ते दोनदा वाचायची, परड्यातले आकडे बघायची आणि आपल्या बोलीत दीड-दोन मिनिटांचा निरोप बोलून वाड्यांच्या मोबाईल ग्रुपवर टाकायची. भात कधी कापावं, पेंढ्या किती दिवस वाळू द्याव्यात, पाण्यावर होडी घालावी की नाही, हे बायाबाप्ये तिच्या निरोपावर ठरवू लागले.

सगळ्यात जास्त कौतुक तिच्या सासऱ्यांना होतं. कोंडिबा सत्तरीचे. त्यांना वाचता येत नव्हतं, पण मोबाईल हातातून सुटत नसे. कुणी घरी आलं की चहाआधी सुनेचा आवाज ऐकवायचे. त्यांची धाकटी बहीण ठकुबाई पलीकडच्या काठावरच्या वाडीत राहायची. तिकडं मोबाईलला रेंज नव्हती. ठकुबाईच्या घरामागं एक टेकाड होतं, तिथं चढून गेलं तरच निरोप उतरायचा. त्या वाडीतली पाच-सहा घरं ग्रुपवर नव्हतीच. कोंडिबा आपल्या मोबाईलवरून बहिणीला निरोप धाडायचे, ती संध्याकाळी टेकाडावर जाऊन तो घ्यायची आणि ओसरीवर बसून सगळ्यांना ऐकवायची. असं दोन वर्षं बिनबोभाट चाललं होतं.

त्या कार्तिकात पाणी काठोकाठ होतं. खाचरांत भात पिवळं झालं होतं, पहाटे पाण्यावरून धुकं उठायचं आणि दहाच्या सुमाराला विरायचं. मंगळवारच्या पत्रकात मात्र वेगळंच होतं. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झालाय, गुरुवार रात्रीपासून शनिवारपर्यंत घाटमाथ्याकडच्या भागात विजांसह पाऊस आणि सोसाट्याचा वारा, असं लिहिलं होतं. माधुरीनं ते तीनदा वाचलं. मग निरोप बोलली: गुरुवारपासनं भात कापू नका, कापलेलं असंल तर झाकून ठेवा, आणि शुक्रवारी दुपारनंतर कुणी होडी पाण्यात घालू नका.

कोंडिबा त्या दिवशी घरी नव्हते. भोरजवळ उत्रोलीला त्यांच्या साडूच्या घरी गेले होते, ते बुधवारी संध्याकाळच्या एसटीनं परतले. सासूनं, बनाबाईनं, त्यांना पाणी देता देता सांगितलं की माधुरीचा निरोप कालच गेलाय, ठकूला धाडायचा राहिलाय. कोंडिबा पायरीवर बसले, चष्मा लावला, मोबाईलवर काहीतरी दाबलं आणि म्हणाले, ‘धाडला.’ माधुरी तेव्हा चुलीपाशी होती. तिनं ऐकलं आणि भाकरी उलटली.

गुरुवार लख्ख गेला. रात्रीही एक थेंब पडला नाही. शुक्रवारी सकाळी तिनं यंत्र पाहिलं तर कोरडं ठणठणीत. गावातल्या एक-दोघांनी तिला हसत हसत विचारलंही की पावसाची वाटेत एसटी चुकली की काय. तिला थोडं ओशाळल्यासारखं झालं.

दुपारी तीनच्या सुमाराला तोरण्याच्या बाजूचं आभाळ काळं झालं. वारा आधी पडला, इतका की परड्यातलं केळीचं पान हलेना. मग एकदम सुटला. अंगणातला डबा गडगडत पाण्याच्या दिशेनं गेला. माधुरी वाळत घातलेली नाचणी गोळा करत होती. तिनं पाण्याकडं बघितलं आणि तिचे हात थांबले. मधोमध एक होडी होती. होडीवर भाताच्या पेंढ्या माणसाच्या छातीएवढ्या रचलेल्या, आणि त्यांच्या आडून दोन डोकी दिसत होती.

ती तशीच काठाकडं पळाली. कोंडिबा तिच्या आधी पोचले होते. काठावर आणखी चार-पाच माणसं जमली होती. एक जण म्हणाला, धनाजीची होडी दिसतीय. धनाजी पलीकडच्या वाडीतला होडीवाला. मळणीचं मशीन अलीकडच्या काठावर असायचं, म्हणून तिकडच्या लोकांच्या पेंढ्या तोच आणायचा. दुसरा म्हणाला, संगं ठकुबाई हाय वाटतं, लाल लुगडं दिसतंय.

“ती ठकू न्हाई,” कोंडिबा शांतपणे म्हणाले. “तिला निरोप गेलाय. ती न्हाई यायची.”

वाऱ्यानं पाणी पांढरं केलं. पेंढ्यांचा ढीग शिडासारखा वाऱ्यात सापडला आणि होडी आधी तिरकी झाली. कुणीतरी वरच्या पेंढ्या पाण्यात ढकलताना दिसलं. मग पावसाचा पडदा आला आणि काही दिसेना. तो बाजूला झाला तेव्हा होडी पालथी होती. तिला दोन माणसं धरून होती. पेंढ्या सगळीकडं पसरून तरंगत होत्या.

गावातल्या दोघांनी इंजिनाची होडी काढली. त्या वाऱ्यात ते कसे गेले हे त्यांनाही नंतर सांगता येईना. अर्ध्या तासानं ते धनाजीला आणि गायत्रीला घेऊन आले. गायत्री ठकुबाईची एकुलती मुलगी, भोरला औषधाच्या दुकानात कामाला होती, भातकापणीसाठी चार दिवसांची रजा घेऊन आली होती. तिचे दात वाजत होते. माधुरीनं अंगावरची ओढणी काढून तिला गुंडाळली. कोंडिबा होडीत वाकून बघत राहिले, जणू तळाशी आणखी कुणी असेल.

“आई पेंढ्यांच्या बाजूला व्हती,” गायत्री म्हणाली. “मी हात धरला व्हता. सुटला.”

मग तिनं माधुरीकडं वर बघितलं.

“वहिनी, तुमी तर सांगितलं व्हतं हवा कोरडी हाय म्हणून. तुमचा निरोप ऐकून आमी काल भात कापलं. आज आभाळ आलं तवा आई म्हणाली, भिजायच्या आत पल्याड न्हिऊ.”

माधुरीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. ती म्हणाली, न्हाई गं, मी पाऊस सांगितलाय, वारा सांगितलाय. पण गायत्रीनं मान हलवली. सगळ्या वाडीनं ऐकलंय, चार घरांनी कापलंय, असं ती म्हणाली. शेजारी घोंगडीत बसलेल्या धनाजीनंही मान डोलावली. आवाज तुमचाच व्हता, एवढंच तो म्हणाला. काठावरची माणसं माधुरीकडं बघू लागली. ती सगळी ग्रुपवरची. त्यांनी मंगळवारचा निरोप स्वतः ऐकला होता. तरीही त्या क्षणी त्यांच्या नजरेत प्रश्न आला, आणि तो कोंडिबांच्याही नजरेत आला.

ठकुबाई शनिवारी सकाळी सापडली, काठाला लागलेल्या पेंढ्यांमध्ये. वेल्ह्याहून पोलीस आले, पंचनामा झाला. दुपारी तिच्याच वाडीत अंत्यविधी झाला. पाऊस थांबला होता. चार घरांचं भात खाचरात आडवं भिजत पडलं होतं आणि त्याचा वास वाडीभर सुटला होता.

माधुरीनं आपल्या मोबाईलवरचा मंगळवारचा निरोप किती वेळा ऐकला याची गणती नव्हती. त्यात सगळं होतं. वारा होता, होडी होती, शुक्रवार दुपार होती. तरी तिला खात्री वाटेनाशी झाली. आपण कुणाशी बोलताना काही वेगळं सांगितलं का? सोमवारी कुणाचा फोन आला होता का? नवरा सम्राट खडकवासल्याला टेम्पोवर होता, तो रजा टाकून आला होता. तो म्हणाला, तुझी चूक न्हाई, ग्रुपवर सगळं हाय. पण पलीकडच्या वाडीला ग्रुपचं काय? त्यांच्या कानात तिचा आवाज होता, आणि तो आवाज कोरडी हवा म्हणाला होता.

कोंडिबा तिच्याशी बोलेनात. चौथ्या दिवशी भेटायला आलेल्या पाहुण्यांसमोर ते एवढंच म्हणाले, “माधुरी, आता हवा सांगायची बंद कर. एक जीव गेला तेवढं पुरं.”

माधुरी आत गेली. बनाबाई तिच्या मागं आली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मंगळवारी पत्रक आलं ते माधुरीनं उघडलंच नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा ग्रुपवर निरोप गेला नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

बुधवारी ती धनाजीच्या, सरळ करून पुन्हा पाण्यात घातलेल्या होडीतून पलीकडं गेली. धनाजीनं तिला नको म्हटलं नाही, पण वाटेत तिच्याकडं बघितलंही नाही. गायत्री ओसरीत भिजलेल्या पेंढ्या उलट्यासुलट्या करत होती. माधुरीनं तिला विचारलं की तो निरोप मला ऐकायला मिळंल का. ठकुबाईचा मोबाईल त्या दिवशी घरीच चार्जिंगला लावलेला राहिला होता. गायत्रीनं तो आतून आणला, निरोप लावला आणि तिच्या हातात दिला.

‘नमस्कार मंडळी. बुधवारपासनं पुढच्या सोमवारपतूर हवा कोरडी राहील. सकाळी धुकं, रातीला थंडी. भात कापायला चांगले दिवस हाईत...’

आवाज तिचाच होता. आपलं डोकं ठिकाणावर नाही असं तिला वाटलं. हे आपण कधी बोललो? ती पुढं ऐकत राहिली.

‘...आमचे मामा कोंडिबा सांगतात की कार्तिकात तोरण्याच्या माथ्यावर धुकं बसून राहिलं की आठ दिवस पाऊस न्हाई. आज मी बघितलं, धुकं बसलेलं हाय.’

मग तिला सगळं आठवलं. हा निरोप मागच्या वर्षीचा होता, याच दिवसांतला. सासऱ्यांचं नाव तिनं पहिल्यांदा आणि एकदाच घेतलं होतं. तो ऐकून कोंडिबा दोन दिवस हरखून होते. सम्राटनं त्या निरोपाला मोबाईलमध्ये ताऱ्याची खूण लावून दिली होती, म्हणजे त्यांना तो केव्हाही सापडेल. तारा दाबला की सुनेचा आवाज, एवढं त्यांना माहीत होतं. एरवी ग्रुपवर निरोप आला की ते लगेच तोच पुढं धाडायचे, या वेळी मात्र दिवस उलटून गेला होता. निरोपात वारांची नावं होती, तारीख नव्हती. तिनं कधीच तारीख सांगितली नव्हती. आजचा निरोप आज ऐकायचा, त्यात तारखेचं काय काम, असं तिला वाटायचं.

निरोपाच्या वर पाठवणाऱ्याचं नाव होतं. ‘दादा’. शेजारी कोंडिबांचा फोटो, पांढरी टोपी घातलेला.

गायत्री तिच्या तोंडाकडं बघत होती. माधुरीला खोटं बोलता आलं नाही. तिनं जे होतं ते सांगितलं. गायत्रीनं हातातली पेंढी खाली ठेवली. मग तिनं विचारलं की मामाला ठाऊक हाय का. माधुरी नाही म्हणाली.

“मग सांगू नका,” गायत्री म्हणाली. “माझी आई गेली. मामा पण जाईल.”

“आणि लोक मला म्हणतात ते?”

गायत्री रडू लागली, आणि शुक्रवारपासून पहिल्यांदाच माधुरीलाही रडू आलं.

परत येताना तिला स्वतःचाच राग येत होता. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही होतं, एक क्षणभर. ‘मी नव्हे’ हा विचार मनात आला तेव्हा छातीवरचं ओझं उतरलं होतं. मग ते ओझं कुणाच्या छातीवर जाणार हे दिसलं. दोन दिवस ती गप्प राहिली. कोंडिबा जेवत नव्हते. भाकरीचा चतकोर मोडून ताट सरकवायचे. रविवारी ठकुबाईच्या पुण्यानुमोदनाचा, तिला आदरांजली वाहायचा कार्यक्रम ठरला होता. त्याचा निरोप पाहुण्यांना द्यायचं कामही त्यांनी सम्राटला सांगितलं, माधुरीला नाही.

शुक्रवारी सकाळी साडेआठला ती परड्यात नोंद घ्यायला गेली. निरोप बंद केला होता, पण नोंद तिनं चुकवली नव्हती. मागं पावलं वाजली. कोंडिबा कुंपणाशी उभे होते.

“तू परवा गायत्रीकडं गेली व्हतीस,” ते म्हणाले. “काय ऐकलंस?”

ती म्हणाली, निरोप जुना व्हता, मागल्या वर्षीचा.

त्यांनी ते नीट समजून घेतलं. चेहरा थोडा उजळला, सून खोटी नव्हती म्हणून असेल. मग कपाळावर आठ्या आल्या. असला जुना निरोप ठकूला धाडायचं काम कुणी केलं, असं त्यांनी विचारलं. आवाजात राग होता. माधुरी वहीत आकडा लिहीत होती. तिची लेखणी थांबली. ती काहीतरी बोलू शकली असती. चुकून कुठूनतरी आला, मोबाईलमध्ये गडबड झाली, असं सांगितलं असतं तर त्यांनी मानलं असतं. पण तिनं वर पाहिलं आणि तिची नजर त्यांच्या खिशातल्या मोबाईलवर गेली.

कोंडिबा तिच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी खिशातून मोबाईल काढला, चष्मा लावला, तारा दाबला. त्यांचा अंगठा नेहमीच्या जागी गेला. परड्यात तिचा मागच्या वर्षीचा आवाज सुरू झाला. हवा कोरडी राहील. भात कापायला चांगले दिवस हाईत. आमचे मामा कोंडिबा सांगतात...

ते खाली बसले नाहीत, ओरडले नाहीत. निरोप संपेपर्यंत उभे राहिले. मोबाईल धरलेला हात मात्र तसाच पुढं राहिला, कुणीतरी तो घ्यावा म्हणून थांबल्यासारखा. माधुरीनं तो हलकेच काढून घेतला.

“म्या?” ते म्हणाले.

“मामा, तारीख माझी सांगायची राहिली. तारीख असती तर आत्या—”

“म्याच धाडला,” ते म्हणाले. “पुरता ऐकला पण न्हाई. माझं नाव हाय त्यात म्हणून मला तोच बरा वाटायचा.”

ते घरात गेले आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. बनाबाईला माधुरीनंच सगळं सांगितलं. बनाबाई उठून त्यांच्या उशाशी जाऊन बसली आणि दुपारभर तिथून हलली नाही.

रविवारी पलीकडच्या वाडीत ठकुबाईच्या अंगणात मांडव घातला होता. बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी ठकुबाईचा फोटो ठेवला होता. त्रिशरण, पंचशील झालं. मग रिवाजाप्रमाणं एकेक जण उठून तिच्याबद्दल दोन शब्द बोलू लागला. कुणी तिच्या कष्टाचं बोललं, कुणी सांगितलं की तिनं एकटीनं मुलीला शिकवलं. माधुरी बायकांत मागं बसली होती. तिच्या दोन्ही बाजूंना जरा जास्तच जागा मोकळी होती.

कोंडिबा उठले तेव्हा सम्राट त्यांना धरायला पुढं झाला. त्यांनी त्याचा हात बाजूला केला.

“माझ्या सुनेनं पाऊस सांगितला व्हता,” ते म्हणाले. “वारा सांगितला व्हता. होडी घालू नका म्हणली व्हती. पण तो निरोप तुमच्यापतूर आला न्हाई. तुमच्याकडं आला तो मागल्या सालचा. तो म्या धाडला. न बघता, न ऐकता. माझ्या बहिणीला म्या धाडला. सुनेला कुणी बोलू नका.”

मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. धनाजी पुढच्या रांगेत मान खाली घालून बसला होता. ज्यांचं भात कुजलं होतं ती चारही घरं तिथंच होती. कुणीतरी काही म्हणेल म्हणून माधुरी वाट बघत राहिली. कुणी म्हणालं नाही. रागावायला आलेल्या माणसाला समोर रागावण्याजोगं काही सापडू नये तसे सगळे बसले होते. मागच्या रांगेतले चिमाजी उठून न जेवता घरी गेले. त्यांचं सगळ्यात जास्त नुकसान झालं होतं. त्यांना कुणी अडवलं नाही.

गायत्री जागची उठली, मामांजवळ गेली आणि त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं. ती कार्यक्रम संपेपर्यंत तिथंच बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी कोंडिबा घरी परतलेच नाहीत. ठकुबाईचं वरच्या अंगाचं एक खाचर कापायचं राहिलं होतं, त्यातलं भात वाऱ्यातही उभं राहिलं होतं. गायत्रीची वाढवून घेतलेली रजा संपली होती, तिला भोरला जायचं होतं. मी कापतो, तू जा, असं त्यांनी तिला सांगितलं. या वयात एकट्यानं कसं होणार म्हणून बनाबाई गेली, मग सम्राट गेला. तिसऱ्या दिवशी धनाजी विळा घेऊन आला आणि दुसऱ्या टोकानं कापायला लागला.

मोबाईल कोंडिबांनी घरीच ठेवला होता. तो परत हातात धरायला ते पुढं कित्येक महिने तयार झाले नाहीत. माधुरीनं एकदा त्यांना समजवायचा प्रयत्न केला. मामा, मोबाईलचा काय दोष, असं ती म्हणाली. त्यांनी ऐकून घेतलं आणि विळ्याला धार लावत राहिले.

संस्थेच्या बाईंचा फोन आला तेव्हा माधुरीनं त्यांना सगळं जसं घडलं तसं सांगितलं. काम सोडायचं तिच्या मनात होतं. बाईंनी आग्रह केला नाही, विचार कर म्हणाल्या. तिचं काही ठरेना. पण पुढच्या मंगळवारी पत्रक आलं आणि पलीकडच्या काठावरून धनाजी मुद्दाम होडी घेऊन आला. तो दारात उभा राहिला, आत या म्हटलं तरी आला नाही. वरच्या खाचराच्या पेंढ्या परवा आणायच्या आहेत, असं म्हणाला.

“हवा कशी हाय ते सांगा,” तो म्हणाला. “तुमच्या तोंडानं सांगा. मी जाऊन तिकडं सांगतो.”

माधुरीनं पत्रक उघडलं. आधी तिनं तारीख सांगितली, मग महिना, मग साल. नंतर म्हणाली की पाच दिवस पाऊस नाही, वारा मंद राहील, थंडी वाढेल. धनाजीनं तिच्याकडून ते दोनदा म्हणवून घेतलं. मग मान डोलावली आणि काठाकडं चालू लागला.